अभिलेखागारात नवे संग्रह दाखल करून घेण्याचं काम नेमकं काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रंथालयशास्त्र शिकून झालंय, आता अभिलेखागारात नवे संग्रह दाखल करून घेण्याच्या जागेवर रुजू होताय, तिथे प्रत्यक्ष काय करावं लागतं आणि नवख्या माणसाच्या हातून काय चुकतं?

आधी ग्रंथालयाची एक सवय सोडा. पुस्तक आलं की विषय पाहून त्याची जागा ठरते. कागदपत्रं अशी विषयवार लावली की त्यांचा निम्मा अर्थ गेला म्हणून समजा. पत्रांच्या फायलीत एखादी पावती सापडली तर ती तिथे कुणीतरी ठेवलेली असते, बहुधा त्याच पत्राला उत्तर देताना. कागद कुणाच्या कामातून तयार झाले आणि त्यांनी ते कोणत्या क्रमाने ठेवले, ही दोन सूत्रं तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली नियमपुस्तकात व्यवस्थित मांडली. आजही दाखल करणाऱ्याचं काम त्यांच्यावरच उभं आहे, कारण या दोन्ही गोष्टी हरवतात त्या नेमक्या हलवाहलवीच्या दिवशी. नंतर वर्गीकरण करणारा कितीही हुशार असला तरी त्याला त्या परत मिळत नाहीत.

म्हणून काम खोकी दारात येण्याच्या आधी सुरू होतं. शक्य असेल तर कागद जिथे आहेत तिथे जाऊन पाहा. प्रत्येक कपाटाचा, खणाचा फोटो घ्या, साधा नकाशा काढा, आणि ज्या क्रमाने काढाल त्याच क्रमाने खोक्यांवर १/१८, २/१८ असे आकडे घाला. एकूण संख्या लिहिली की वाटेत एखादं खोकं राहिलं तर लगेच कळतं. मोजमाप रेषीय मीटरमध्ये करा, म्हणजे कागद उभे ठेवले तर फळीची किती लांबी व्यापतील ते. फायलींचं उभं खोकं साधारण साडेबारा सेंटिमीटर रुंद असतं, म्हणून आठ खोक्यांना एक मीटर धरा. एक घनफुटाचं खोकं कागदांनी भरलं की १४-१५ किलोचं होतं. त्याहून मोठी खोकी वापरू नका, तळ फाटतो आणि पाठही जाते. देणाऱ्याशी बोलताना कागद मधल्या काळात कुणाकडे होते, मध्येच काही जळलं, भिजलं, वाटून गेलं का, हे विचारा आणि त्याच दिवशी तारखेसह लिहून काढा.

मग बक्षीसपत्र. इथे घाई केली तर पुढची वीस वर्षं कुणीतरी निस्तरत बसतं. सही करणारा खरोखर मालक आहे का, की चार वारसांपैकी एक, हे पाहा. कागदाची मालकी आणि मजकुराचा कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: देणाऱ्याला आलेली पत्रं त्याच्या मालकीची असतात, पण त्यांचा कॉपीराइट ती लिहिणाऱ्यांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे राहतो, त्यामुळे देणारा तो तुम्हाला देऊच शकत नाही. निवडीत नको ठरलेले कागद परत द्यायचे की नष्ट करायचे, हे आधीच लिहून घ्या. काही भाग बंद ठेवायचा असेल तर मुदत तारखेने लिहा. ‘कुटुंबाला योग्य वाटेल तोवर’ असं कलम माझ्या मते स्वीकारूच नये, कारण परवानगी कुणाकडे मागायची हेच पुढे कळत नाही. आणि ‘सध्या ठेवून घ्या, कागदपत्रांचं नंतर बघू’ म्हणणाऱ्याला नम्रपणे थांबवा. ठेवीवर, म्हणजे मालकी न सोडता दिलेल्या संग्रहाची दुरुस्ती तुम्ही करायची आणि मग मालकाने तो उचलून न्यायचा, यात अभिलेखागाराच्या हाती काही उरत नाही.

खोकी आली की थेट भांडारात न्यायची नाहीत. वेगळ्या खोलीत, भिंतीपासून दूर, पांढऱ्या कागदावर ठेवा. कीड असेल तर भुसा त्या कागदावर दिसतो. उघडताना एन-९५ मुखपट्टी आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. बुरशी मऊ ब्रशच्या टोकाने हलकेच तपासा: फरफटली तर जिवंत आहे, भुकटीसारखी उडाली तर सुप्त. जिवंत बुरशीचे कागद आधी कोरडे करायचे, पुसायचे नाहीत. ओली बुरशी पुसली की डाग आत जातो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की सुप्त बुरशीही पुन्हा उठते. वाळवी किंवा कसर दिसली तर कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून, तोंड बंद करून उणे २० अंश सेल्सिअसला किमान आठवडाभर गोठवतात. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी कागदावरच जमतं. काचेच्या निगेटिव्ह मात्र यातून वगळा.

फिल्मचे डबे नाकाने तपासा. व्हिनेगरचा वास आला तर अॅसिटेट फिल्म कुजतेय. तिची वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते, म्हणून ती लगेच वेगळी काढा. नायट्रेट फिल्म १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात होती. ती चिकट, पिवळट झालेली दिसली तर इमारतीतल्या आग-सुरक्षेच्या माणसाला त्याच दिवशी सांगा. ती पेटली की बाहेरच्या प्राणवायूशिवाय जळत राहते.

साफसफाईचा मोह इथेच होतो. रबरबँड काढा, कारण ते वितळून कागदाला चिकटतात. गंजलेल्या टाचण्या काढा. बाकीच्या चांगल्या क्लिपा एकेक करून उपटत बसू नका. ते नंतरचं काम आहे, किंवा कुणाचंच नाही. ग्रीन आणि माइसनर या अमेरिकी अभिलेखपालांनी २००५ साली हेच मांडलं, की पानापानावर वेळ घालवल्याने खोकी वर्षानुवर्षं वाचकाविना पडून राहतात. जुनं खोकं फेकण्याआधी त्यावरच्या चिठ्ठीचा, हाताने लिहिलेल्या मजकुराचा फोटो घ्या. फोटो किंवा नकाशे वेगळे ठेवावेच लागले तर मूळ जागी एक चिठ्ठी सोडा: काय काढलं, कुठे ठेवलं. लिहायचं ते शिसपेन्सिलने.

दाखल क्रमांक साधा ठेवा, वर्ष आणि अनुक्रम: २०२५-०१४. क्रमांकात विषयाचं किंवा विभागाचं संक्षिप्त रूप घालू नका. विभाग बदलतात, क्रमांक बदलता येत नाही. त्याच देणाऱ्याकडून पुढच्या वर्षी आणखी दोन खोकी आली तर त्यांना नवा क्रमांक द्या आणि नोंदीत जुन्याशी जोडा. नोंदवहीत तारीख, कुणाकडून, कागद कुणाचे (हे दोघे बऱ्याचदा वेगळे असतात), कालावधी, लांबी, अवस्था, अटी, ठेवलेली जागा आणि खोक्यागणिक एक ओळ. ‘विविध कागद’ अशी ओळ लिहिणं म्हणजे न लिहिणंच. ‘जमाखर्च, १९५८-६३, वरच्या थरात सुटे फोटो’ असं लिहा.

हल्ली पुष्कळ संग्रहांत पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क निघते. ती थेट संगणकाला लावून फायली ओढून घेतल्या की तयार झाल्याच्या तारखा बदलू शकतात आणि डिस्कवरही नकळत काही लिहिलं जातं. मध्ये राइट ब्लॉकर, म्हणजे डिस्कवर काही लिहू न देणारं उपकरण लावा, व्हायरस तपासा, प्रत काढण्याआधी आणि नंतर प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला, ठशासारखा आकडा) काढून जुळवा. तो जुळेपर्यंत मूळ डिस्क परत देऊ नका. चेकसमची यादी दाखल नोंदीलाच जोडलेली हवी, नाहीतर पाच वर्षांनी फाइल बिघडली की मुळातच तशी आली होती, हे सांगता येत नाही.

रुजू झाल्यावर कोपऱ्यात बेवारस खोकी नक्की दिसतील, ज्यांचं ना बक्षीसपत्र ना नोंद. त्यांना दुसऱ्या संग्रहात मिसळू नका. सापडल्याच्या वर्षाचा क्रमांक द्या, ‘मूळ अज्ञात, भांडारात सापडलं’ असं स्पष्ट लिहा, आणि मग जुन्या पत्रव्यवहाराच्या फायली चाळा. आभाराच्या एखाद्या पत्राच्या कार्बन प्रतीत देणाऱ्याचं नाव पुष्कळदा सापडतं.