उन्हाळी संगीत महोत्सव पहिल्यांदाच घेताय? एवढं सांभाळा

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा ४२च्या पुढं जातो, म्हणून पत्रिकेत सहाची वेळ छापूच नका, साडेसात ठेवा. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हे धरून मुख्य गायकाला सव्वाआठला बसवा. सत्कार-भाषणं १० मिनिटांत उरका. नवख्यांचा घोळ हमखास इथंच होतो.

वाद्यांना जीवापाड जपा. तबल्याची पुडी (वरचं कातडं) उन्हानं ताणते, सूर चढतो. कूलरच्या ओलाव्यानं उतरतो. म्हणून कूलरचा झोत श्रोत्यांकडं, आणि वाद्यं अर्धा तास आधी मंचावर. तिथल्या हवेत मुरली की मगच सुरात लावू द्या.

साउंडवाल्याला मंचावर दोन मॉनिटर (गायकाकडं तोंड केलेले स्पीकर) आधीच सांगून ठेवा. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, की तो जोर लावतो अन् गळा बसतो.

वळवाचा भरवसा नाही: साउंडच्या मिक्सरजवळ ताडपत्री हवीच. जनरेटरचं डिझेल दुपारीच भरा. प्रायोजक, रेकॉर्डिंग वगैरे पुढच्या वर्षी बघू. यंदा बिनधास्त घ्या!