लेक बास्केटबॉल खेळते म्हणून अमेरिकेला?

ताई, नवऱ्याला डॅलसला एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, काम मिळतेय, नववीतली लेक जिल्ह्याकडून खेळते, तर इथे आल्यावर ती प्रोफेशनल बास्केटबॉलपटू होईल का, असं तुम्ही विचारलंयत. व्हिसाची फी, फॉर्म सगळं सरकारी साइटवर आहे. ते सोडून बोलते.

दार फार अरुंद आहे. २०२५ मध्ये डब्ल्यूएनबीएत, म्हणजे इथल्या बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये, १३ संघ होते, संघात फार तर १२ जणी. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिली निवड झालेल्या केटलिन क्लार्कचाही पहिल्या वर्षाचा मूळ पगार ७६,५३५ डॉलर. आपली भारताची बास्केटबॉलपटू गीतू अॅना जोस २०११ मध्ये या लीगच्या तीन संघांच्या चाचण्या देऊन आली, निवड झाली नाही. पण तिला रेल्वेची नोकरी होती. माझी लेकही इथेच खेळली; सासूबाई अजून म्हणतात, "आपली पोरगी रेल्वेत चिकटली असती." मला राग येतो, कारण त्यांचं अगदीच चुकीचं नाही.

कॉलेजची स्कॉलरशिप डोळ्यासमोर ठेवा. त्यासाठी नववीपासूनचे गुण बघतात, म्हणून नववीचा निकाल शिक्क्यासकट आत्ताच घेऊन ठेवा.

शाळेचा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो. भाडं वाढलं म्हणून आम्ही घर बदललं, शाळा बदलली. तिला संघात खेळू द्यावं म्हणून, शाळा खेळासाठी बदलली नाही हे पटवायला भाडेकरार, विजेचं बिल, काय काय दिलं! जुन्या शाळेची एक सही हवी होती, ती लटकली ती लटकलीच. अर्धा हंगाम पोरगी वॉर्मअपचं जॅकेट घालून बाकावर. ती आता हसते त्यावर. मी त्या शाळेवरून गाडी नेत नाही.

आणि एच-फोर, म्हणजे एच-वनवाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा. त्यावर मुलांना शिकता येतं, कमावता येत नाही. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात. तिच्या मैत्रिणी घेत होत्या, आमची नुसती बघत होती. ग्रीन कार्डची रांग सरकेना, एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपणार, म्हणून तिचा वेगळा स्टुडंट व्हिसा काढला. केक आणि वकिलाचं बिल एकाच आठवड्यात.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा कठीण, पुढे वेळच नसतो. शनिवार-रविवार टुर्नामेंट, मंडळाच्या गणपतीची आरती मला कधी मिळालीच नाही.

लेकीची उंची आणि ती कुठल्या पोझिशनला खेळते ते कळवा. डॅलसकडच्या क्लबमध्ये ओळखीचे एक कोच आहेत, विचारून बघते.