16 ऑगस्टला पेपर निघत नाही, हे आधी बघा

"15 ऑगस्टला नदीघाटाची सफाई ठेवलीय, शंभरेक माणसं येतील, पेपरात बातमी कशी आणायची?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि कपाळावर हात मारला. तीन वर्षांपूर्वी आम्ही हेच करून बसलो होतो, फक्त तारीख 26 जानेवारी होती. गावाबाहेरची जुनी बारव. वेडी बाभूळ तोडली, तीन ट्रॉली गाळ उपसला, बाटल्यांची तर गणतीच नाही. दुपारी खालच्या सात पायऱ्या उघड्या पडल्या तेव्हा पोरं नाचायचीच बाकी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्टँडवर हजर. स्टॉलवाला म्हणाला, "काका, आज कुठला पेपर?"

या दोन्ही दिवशी बहुतेक पेपरांना सुट्टी असते, त्यामुळे 27 ला आणि 16 ला अंकच नाही. जन्मभर पेपर वाचतोय, माहीत नव्हतं असं नाही, पण तारीख ठरवताना डोक्यातच आलं नाही. 28 चा अंक उघडला तर पानभर झेंडावंदन. या शाळेचं, त्या पतसंस्थेचं. बारवेला जागा कुठून उरणार?

खरा राग आहे तो एका पेपरच्या तालुका कार्यालयाचा. 24 तारखेला मी स्वतः प्रेसनोट घेऊन गेलो होतो. तिथल्या गृहस्थांनी ती न वाचताच बाजूला सरकवली आणि पुरवणीच्या जाहिरातीचं दरपत्रक पुढे केलं. "27 ला अंक नाही हो" एवढं सांगायला काय पैसे पडत होते? असो, सगळीकडे असं नसतं.

माझं म्हणाल तर तारीख बदला, आदला रविवार धरा. जमत नसेल तर नंतरच्या बातमीचा नाद सोडा आणि 'घाटावर या' ही आगाऊ बातमी 14 किंवा 15 च्या अंकात येईल असं बघा. 15 चा अंक निघतो. वेबसाइटवर त्याच दिवशी येऊही शकेल, पण तुमच्या जिल्ह्यात विचारून घ्या, माझा अनुभव एका तालुक्यापुरता आहे.

आणखी एक. लेटरहेडचा फोटो काढून पाठवू नका, तो परत टाइप कोण करणार? साधा युनिकोड मजकूर द्या. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होतो. आणि बॅनर धरलेली रांग नको, हात चिखलात असलेला फोटो द्या.

आमची बातमी आली ती मार्चमध्ये, दुसऱ्या सफाईच्या वेळी. मी वार्ताहराला गाळ दाखवत होतो, तो मात्र काठावर बसलेल्या एका आजींशी गप्पा मारत बसला. नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा त्या याच पायऱ्यांवरून घागर आणायच्या. तीन कॉलम, फोटो आजींचा. घाटावर तुमच्याकडेही कुणी असेल, आधीच गाठून ठेवा. आमच्या गटाचं नाव शेवटच्या ओळीत होतं, तेही चुकीचं.