नळयोजनेच्या ‘पर्यावरण व सामाजिक आराखड्या’वर सही करण्याआधी काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात तापीवरून नळयोजना येतेय, सोबत भुयारी गटार आणि सांडपाणी केंद्र. ग्रामसभेपुढे ‘पर्यावरण व सामाजिक सुरक्षा आराखडा’ नावाचं नव्वद पानी बाड आलंय. विचारणारे पाणीपुरवठा समितीत आहेत. यात वाचण्यासारखं काय असतं, आणि सही करावी की नाही, असं ते विचारतात.

मी नऊ वर्षं असली बाडं तयार करून पोट भरलं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत. ओळखपत्रावर ‘सामाजिक तज्ज्ञ’ लिहिलेलं असायचं, गावात मला ‘सर्व्हेवाला’ म्हणायचे. म्हणून आधीच कबूल करतो: नव्वदातली साठ पानं मागच्या योजनेतून उचललेली असतात. एकदा नंदुरबारच्या आराखड्यात मी भुसावळचं पर्जन्यमान तसंच राहू दिलं होतं. तीन कार्यालयांतून फाइल फिरून आली, कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हा बाड मागून वाचा. शेवटी एक आडवा तक्ता असतो: परिणाम, उपाय, जबाबदारी, खर्च. आधी खर्चाचा रकाना बघा. तिथे आकडा असेल तर पंचायतीकडून ठेक्याचं अंदाजपत्रक मागवा आणि तोच आकडा तिथे स्वतंत्र बाब म्हणून आहे का, ते पडताळा. असेल तर ते काम होण्याची आशा आहे. ‘ठेकेदाराच्या दरात समाविष्ट’ असं लिहिलेलं असेल तर ते काम झालेलं मी फार क्वचित पाहिलंय. कारण साधं आहे. साइटवरचा इंजिनिअर एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मोजमाप वही, भरताना बाब क्रमांक बघून भरतो. बाबच नसेल तर तो मोजणार काय आणि बिल काढणार कशाचं? ठेकेदारही ते ओळखून असतो.

एका तालुक्याच्या गावी हे मी डोळ्यांनी पाहिलं. चरीभोवती बॅरिकेड, रात्री दिवा, प्रत्येक दारासमोर ओलांडायला फळी, खोल चरीला फळ्यांचा आधार, सगळं माझ्या आराखड्यात होतं. अंदाजपत्रकात त्यातलं काहीच नव्हतं. आपली काळी माती कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते, पाणी लागलं की बसकण मारते. मृगाच्या पहिल्याच पावसात चर ढासळली आणि पहाटे बाहेर निघालेल्या एका आजीचा पाय मोडला. दवाखान्याचं बिल कोणी द्यायचं यावर तीन महिने पत्रं फिरली. आजींचा मुलगा मला एवढंच म्हणाला, “तुमना कागदमा व्हतं ना सर, मंग?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरच मी अंदाजपत्रकं वाचायला शिकलो.

दुसरं, पैसा कोणाचा आहे ते विचारा. जागतिक बँकेचं कर्ज असेल तर ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेली त्यांची दहा मानकं लागतात. जमीन, कामगार, आदिवासी समाज, गावाशी सल्लामसलत, सगळं त्यात येतं. जलजीवन मिशनचा पैसा असेल तर तो केंद्र आणि राज्याचा असतो. तिथे बँकेची मानकं नाहीत, देशाचे कायदे आहेत. ते कमी नाहीत, पण कोणी आपणहून वाचून दाखवत नाही.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण बैठकांत ‘सेफगार्ड’ (आराखड्यातली ‘सुरक्षा’ ती हीच) हा शब्द थेट वॉशिंग्टनहून आल्यासारखा उच्चारतात. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. महाराष्ट्राच्या बाजूने बुडितात जाणारं पहिलं गाव मणिबेली, अक्कलकुवा तालुक्यातलं, तेव्हा धुळे जिल्ह्यात. नंदुरबार जिल्हा १९९८ चा. तिथल्या आणि नर्मदाकाठच्या इतर गावांच्या लढ्यामुळे बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींवर ताशेरे होते. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेने तपासणी पॅनेल स्थापन केलं. प्रकल्पाची झळ बसलेली कोणतीही दोन माणसं तिथे तक्रार करू शकतात. म्हणजे जगभर ज्या दारावर लोक तक्रार घेऊन जातात ते उघडायला आपल्या सातपुड्यातल्या माणसांचा हात लागलाय. माझ्या बाडांमध्ये हे कधीच नसायचं.

आता जमीन. जलकुंभाला आणि सांडपाणी केंद्राला जागा लागते, आणि ती बहुतेक वेळा ‘दानपत्रा’ने मिळवली जाते. दान खरंच दान आहे का, हे तपासायला माझा एकच प्रश्न असे: नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? समोरचा सरपंचाकडे बघू लागला की मी समजून जायचो. दान देणाऱ्याचं पोट उरलेल्या जमिनीवर आधीइतकंच भरलं पाहिजे, ही बँकेची अट आहे. बँक नसली तरी समितीने ती पाळावी. एकर-दीड एकरवाल्याची दोन गुंठे जागा टाकीसाठी घेणं मला पटत नाही, मग कागद कितीही स्वच्छ असो. दान नको असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा आहे किंवा सरळ खरेदी आहे.

आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसं मोजा. निम्म्या बटाईने कसणारा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवर साल धरलेला सालदार, रस्त्याकडेला हातगाडी लावणारा. चर शेतातून गेली तर मालकाला भरपाई मिळते, पण कापूस बटाईवाल्याचा गेलेला असतो. पंचनाम्यात त्याचं नाव यायला हवं. रावेरकडे एका योजनेत मुख्य पाईप केळीच्या बागांतून जाणार होता. शेतकऱ्यांनी भरपाईचा दर वाढवून मागितलाच नाही. घड कापून होईपर्यंत थांबा, एवढंच म्हणाले. मृगबाग कधी निघते, कांदेबाग कधी निघते (केळीच्या लागवडीचे हे दोन हंगाम), हे ठेकेदाराच्या वेळापत्रकात घालायला एक रुपया लागला नाही. भांडण झालं ते ठिबकवरून. जेसीबीने सबमेन, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणारी पाईप, तोडली आणि ऐन उन्हाळ्यात आठ दिवस बाग कोरडी राहिली. तुमच्याकडे केळी कमी असेल, मिरची आणि कापूस असेल, पण ठिबक असेलच. ‘तुटलेली ठिबक ४८ तासांत जोडून देणे’ ही बाब आत्ताच लिहून घ्या.

सांडपाण्याकडे मात्र गावं बघतच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. नळ आला की सगळे खूश असतात. पण हिशोब करा. माणशी रोज ५५ लिटर हे जलजीवनचं प्रमाण. पाच हजारांच्या गावाला पावणेतीन लाख लिटर पाणी रोज आलं, तर त्यातलं साधारण ८० टक्के गटारीत जातं, म्हणजे दोन लाख वीस हजार लिटर. आज हंड्याने पाणी आणणाऱ्या गावात एवढं सांडपाणी नसतं. ते कुठे जाणार? नाल्यात, नाल्यातून तापीत, आणि तापीवर खाली पुढच्या गावाचं जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उचलायची विहीर. आराखड्यात ‘प्रक्रिया करून पुनर्वापर’ लिहिलेलं असेल. मग विचारा: केंद्राचं विजेचं बिल कोण भरणार, किती वर्षं, कोणत्या खात्यातून? पाण्याच्या पंपाचं बिल थकलं की गाव ओरडतं, सांडपाण्याची मोटर बंद पडली तर कोणी ओरडत नाही. नदीनाल्यात सांडपाणी सोडायला १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, तिची प्रतही मागा.

आणि जागा. तिन्ही जिल्ह्यांत मी जेवढे नकाशे पाहिले, त्यांत सांडपाणी केंद्र बऱ्याचदा गावकुसाबाहेर, दलितवस्तीला नाहीतर भिलाटीला (भिल्लांच्या वस्तीला) लागून दाखवलेलं असायचं. ‘शासकीय जागा उपलब्ध’ हे कारण असतं, आणि ते खरंही असतं. जागा तिथेच उरलेली असते. पण वास कोणाच्या घरात जाणार, डास कोणाच्या अंगणात, हे त्या वस्तीत जाऊन, तिथे बसून विचारा. ग्रामपंचायतीच्या सभागृहात ती माणसं मागच्या रांगेत उभी असतात, बोलत नाहीत. बायकांची सभा वेगळी घ्या.

गटारीत माणूस उतरणार नाही, हे नुसतं तत्त्व म्हणून लिहून भागत नाही. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणं गुन्हा आहे. गटारीत मृत्यू झाला तर भरपाई १० लाख, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी माणसं उतरतात, कारण गटार तुंबलेली असते आणि मशीन तालुक्याला असतं. तेव्हा सक्शन मशीन कुठून येणार, फेरीला किती रुपये, हे देखभालीच्या अंदाजपत्रकात आहे का तेवढं बघा.

जुनी एसी पाईपलाईन असेल तर तिला हात लावू नका, ती जमिनीतच राहू द्या. काढावीच लागली तर पाणी मारत, न फोडता. ती अ‍ॅस्बेस्टॉसची असते आणि तिचा चुरा फुफ्फुसात बसतो. पोरं तिचे तुकडे खेळायला नेतात, मी पाहिलंय.

तुमच्या तालुक्याला लागू नाही, पण साक्री किंवा धडगावचं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: अनुसूचित क्षेत्रात पेसाखाली (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेचं म्हणणं घ्यावंच लागतं, आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते. वनजमीन लागत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली पिण्याच्या पाण्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जागा मिळते, पण ग्रामसभेच्या शिफारशीनेच. सभा भिलीत किंवा पावरीत घ्या. मराठीतला ठराव वाचून दाखवला म्हणजे सभा झाली असं नाही.

तक्रारपेटीचं म्हणाल तर, मी एकूण अकरा पेट्या लावल्या. एकीतही चिठ्ठी पडली नाही, एकीत मात्र मधमाश्यांनी पोळं केलं. पांझरा नदीवरच्या फडात, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या जुन्या पाटपाण्यात, पाणी कमी मिळालं तर शेतकरी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला गाठायचा. समोर माणूस असायचा. तुम्हीही पेटीऐवजी एका माणसाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकीवर रंगवून घ्या, आणि तक्रारीला क्रमांक व तारीख देणारी वही पंचायतीत ठेवा.

सही कराल का? आज करू नका. ‘आराखड्यातील खालील उपायांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब व रक्कम दाखवावी, त्यानंतर मान्यतेसाठी पुन्हा सभेपुढे ठेवावा’ असा ठराव लिहा आणि खाली बॅरिकेड, फळ्या, ठिबक, सक्शन मशीन आणि केंद्राचं वीजबिल एवढे पाच उपाय टाका. दोन-तीन आठवडे जातील. सल्लागाराचा माणूस येऊन ‘निधी परत जाईल’ म्हणेल. मीही तसंच म्हणायचो. माझ्यासमोर तरी एकाही गावाचा निधी असल्या ठरावामुळे परत गेला नाही.