संधी खर्च आधी खिशात शोध

अरे, अर्थशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात आलेखांना घाबरू नकोस. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतोस ना? मग हा विषय तू रोज जगतोयसच.

समज, मेसचे पैसे भरून महिन्याला 600 रुपये उरले. मिसळ 100 ला, सिनेमाचं तिकीट 200 ला. म्हणजे सहा मिसळी, किंवा तीन तिकिटं, किंवा मधलं काहीतरी. हे सगळे पर्याय आलेखावर जोडले की झाली तुझी अंदाजपत्रक रेषा. एका तिकिटासाठी दोन मिसळी सोडाव्या लागतात, म्हणजे तिकिटाचा संधी खर्च दोन मिसळी. रेषेचा उतार तेच सांगतो. मिसळ 120 झाली की रेषा फक्त मिसळीच्या टोकाला आत सरकते, तिकिटं तीनच राहतात. घरून पैसेच कमी आले तर मात्र अख्खी रेषा समांतर आत येते. परीक्षेत इथंच गल्लत होते, माझीही झाली होती.

आणि मेसचे पैसे? ते गेले. ‘भरलेत म्हणून’ नावडती भाजी गिळू नकोस. बाहेर खायचं की नाही, हे आत्ता जाणाऱ्या पैशांवरून ठरव. फुकटच्या कार्यक्रमासाठी तासभर रांगेत उभा राहिलास, तर तो तासही हिशेबात धर. पुणेकर असून मीही तो बरीच वर्षं धरला नव्हता.