लिनक्स सर्व्हर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन घरच्या घरी शिकता येईल का? सुरुवात कशाने करू?

येईल की, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) डेबियन हे लिनक्स टाका, तेही डेस्कटॉपशिवाय, कारण माऊस हाताशी असला की टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, टाळलं जातंच. मग एसएसएचने (दुसऱ्या मशीनवर टर्मिनलमधून लॉगिन करायची सोय) आत शिरा, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालू करा आणि त्याच्या कॉन्फिग फाइलमधला एखादा अर्धविराम मुद्दाम उडवा. रीस्टार्ट फसेल. जर्नलसीटीएल या कमांडने लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, उघडलात की ओळ क्रमांक दिसेल, पण बऱ्याचदा तो चुकलेल्या ओळीच्या पुढचा असतो! रोज हेच काम करतो म्हणून सांगतो, कमांड पाठ करण्यापेक्षा लॉग वाचता येणं जास्त उपयोगी पडतं. फक्त व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट घेऊन, म्हणजे मशीनची स्थिती जतन करून, बिघडलं तर मागे जाता येतं, ती चैन खऱ्या सर्व्हरवर असेलच असं नाही. तिथे फायरवॉल बदलताना एसएसएचचा पोर्ट २२ बंद झाला तर तुम्हीच बाहेर, म्हणून दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने लॉगिन होतंय हे पाहिल्याशिवाय पहिलं सेशन सोडू नका.