भरायचे टोमॅटो बियांपासून: जूनची घाई करू नका

ताई, तुम्ही विचारलंय की भरायच्या टोमॅटोचं बी मागवलंय, पहिला पाऊस झाला की गच्चीत टाकू का, आणि शेजारणीने सांगितलं ही फळं आतनं पोकळ निघतात तर बी खराब तर नाही ना. अहो पोकळच असतात ती! यलो स्टफर, स्ट्राइप्ड स्टफर या जाती ढोबळी मिरचीसारख्या, बिया मधल्या गाभ्याला चिकटलेल्या, चमच्याने खरवडलं की वाटी तयार. आपल्या नेहमीच्या टोमॅटोत पोकळी दिसली तर नत्र जास्त झालं किंवा फूल नीट फळलं नाही म्हणतो, इथे त्याच खोडीसाठी पैसे मोजायचे. कोशिंबिरीला मात्र घेऊ नका, रस कमी आणि चव फिकीच.

आता जूनचं. नकोच. मी कोथरूडला पहिल्या वर्षी तेच केलं, रोपं दोन पानांवर आली आणि बुडाशी मऊ पडून दोन दिवसांत सगळी आडवी, जी चार वाचली ती ऑगस्टच्या झडीत करप्याने गेली. तेव्हापासून नारळी पौर्णिमा ते गणपती या दिवसांत बी टाकते, महिन्याभराने कुंडीत हलवते, दिवाळीच्या आसपास फुलं आणि डिसेंबर-जानेवारीत फळं. फार उशीरही नको, कारण पुण्यात कडाक्याच्या थंडीत रात्री पारा 10 च्या खाली गेला की फळधारणा मंदावते, आणि एप्रिलमध्ये 35 च्या वर फुलंच गळतात.

बी कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून ट्रेमध्ये, अर्धा सेंटीमीटर खोल, आठवड्याभरात उगवतं. उगवल्या उगवल्या ऊन द्या, नाहीतर रोपं लांबुळकी होतात. लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. छोटी कुंडी अजिबात नको, 20 लिटरची बादली तरी हवी, वेल माणसाएवढा वाढतो त्यामुळे काठी पहिल्याच दिवशी रोवा, नंतर रोवली की मुळं तुटतात. मधमाशी नाही आली तरी चालतं, सकाळी ऊन आलं की फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारायची.

फळाचं बूड काळं पडायला लागलं की लगेच सगळे अंड्याची टरफलं टाकायला सांगतात, मीही टाकली होती, पण ती कुजायला महिनोन् महिने लागतात हो. खरं कारण बहुतेक वेळा पाणी, दोन दिवस विसरायचं आणि तिसऱ्या दिवशी बादली ओतायची, मग झाडाला कॅल्शियम फळापर्यंत पोचवताच येत नाही. रोज सकाळी थोडं थोडं घाला, वर पालापाचोळा पसरा.

पानांवर वेडेवाकडे पांढरे चट्टे दिसले तर नागअळी, म्हणजे पान आतून पोखरणारी अळी, तिच्यातली टूटा नावाची 2014 मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली ती आपल्या पुण्याकडेच, काय पण मान! ती पानं पिशवीत बांधून फेका, कंपोस्टमध्ये नको.

सगळ्यात चांगलं एक फळ बियांसाठी राखा, हायब्रिड नसेल तर पुढच्या वर्षी तसंच येतं, गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबवून बी धुवून सावलीत वाळवा. बाकीच्या फळांत भरायला दाण्याचं कूट, खोबरं, भाजलेलं बेसन आणि गोडा मसाला, खरवडलेला गरही त्यातच, आणि देठाची टोपी फेकू नका, झाकण म्हणून तीच वर ठेवायची.